खरेदीखत वाचावें तें नांव झांकून

मुंबईंत कुलाब्याच्या किनाऱ्याजवळ ‘आदर्श’ नांवाची एकतीस मजल्यांची एक इमारत आहे. लष्करांतील आजी-माजी सेवकांसाठीं म्हणून जी गृहनिर्माण संस्था निघाली, तिच्या सभासदांच्या यादींत राज्यकर्त्यांचे व बड्या अधिकाऱ्यांचे आप्त आढळले, आणि त्या गदारोळांत ९ नोव्हेंबर २०१० रोजीं राज्याचे मुख्यमंत्री श्री. अशोक चव्हाण यांस पदत्याग करावा लागला. ते तेव्हां काँग्रेसचे होते, आणि भारतीय जनता पक्षानें ‘आदर्श’ हा शब्द पुढें अनेक वर्षें काँग्रेसच्या भ्रष्टाचाराचा पर्याय म्हणून वापरला. ८ फेब्रुवारी २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मागील राजवटीच्या कारभारावर जी श्वेतपत्रिका संसदेंत मांडली, तींतही या ‘आदर्श’चा उल्लेख होता. त्यानंतर अवघ्या पांच दिवसांनीं, म्हणजे १३ फेब्रुवारी रोजीं, तेच श्री. चव्हाण त्याच भारतीय जनता पक्षांत समारंभानें दाखल झाले व त्याच महिन्यांत राज्यसभेवर निवडून गेले. या पांच दिवसांत इमारतीचा एकही मजला उतरला नव्हता, सभासदांच्या यादींतील एकही नांव खोडलें गेलें नव्हतें. बदललें असेल तर तें एका गृहस्थाच्या गळ्यांतील उपरणें!

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण व्यापारी आहेत. त्यांस आम्ही त्यांच्याच भाषेंत विचारतों. एकच रक्कम काल नांवें पडली होती, आज ती जमेस दाखविली आहे, आणि मधल्या काळांत पैसा तर हलला नाहीं, अशी खतावणी एखाद्या मुनिमानें पुढें केली, तर त्यास आपण दुसऱ्या दिवशीं दुकानाची पायरी चढूं द्याल काय? मग ज्या मुनिमांच्या हातीं आपण राज्याची तिजोरी व राज्याची जमीन सोंपविली आहे, त्यांची खतावणी आपण न वाचतां कां सोडतों?

येथें एक गोष्ट आरंभींच सांगून टाकणें इष्ट होईल. आम्ही कायद्याचें अध्ययन केलेलें असल्यामुळें आरोप आणि अपराध यांतील अंतर आम्हांस पुरतें ठाऊक आहे. ज्यावर आरोप झाला तो दोषी, असें म्हणणें हा अन्याय आहे. आणि ज्यांचीं नांवें खालीं येतील त्यांचे गुणदोष ठरविणें हें न्यायासनाचें काम आहे, संपादकाचें नव्हे. परंतु पुढारी, त्याचे आप्त आणि सरकारी जमीन हीं तीन एका कागदावर आलीं म्हणजे राजकीय पक्ष कसे वागतात, हें पाहण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास आहे, आणि तेवढाच अधिकार आम्ही येथें बजावीत आहों.

प्रथम पुण्याची गोष्ट घेऊं. एरंडवण्यांत प्राथमिक शाळेसाठीं राखलेली एक जागा होती. शिवसेना व भाजप यांच्या युतीच्या राजवटींत, श्री. मनोहर जोशी मुख्यमंत्री असतांना, शाळेचें हें आरक्षण तेथून हलविण्यांत आलें, जागा निवासी बांधकामास मोकळी झाली आणि तेथें दहा मजली इमारत उठली. ती बांधणारे विकासक मुख्यमंत्र्यांचे जावई होते. पुण्यांतील जागरूक नागरिक न्यायालयांत गेले. जानेवारी १९९९ च्या अखेरीस श्री. जोशी मुख्यमंत्रिपदावरून गेले, आणि मार्च महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयानें तो आरक्षण-बदल रद्द ठरविला. सर्वोच्च न्यायालयानें उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला तो ऑक्टोबर २०११ मध्यें. म्हणजे ज्या मुलांनीं १९९९ सालीं त्या शाळेंत श्रीगणेशा गिरवावयाचा, तीं निकालाच्या वेळीं कॉलेजांत पोंचलीं होतीं. मधल्या काळांत श्री. जोशी केंद्रांत मंत्री झाले, लोकसभेचे अध्यक्षही झाले. युतीच्या पुढाऱ्यांस त्यांत कांहीं वावगें दिसलें नाहीं.

आतां ‘आदर्श’ प्रकरणाची दुसरी बाजू पाहा. ‘कारगिलच्या वीरपत्नींची जागा पुढाऱ्यांनीं बळकावली’ अशी आरोळी त्या वेळीं देशभर उठली. पुढें निवृत्त न्यायमूर्ति जे. ए. पाटील यांच्या चौकशी आयोगानें असा निष्कर्ष काढला कीं, ती जागा राज्य सरकारच्याच मालकीची होती व ती कारगिलच्या वीरांसाठीं राखलेली नव्हती. म्हणजे आरोळीचा हा भाग टिकला नाहीं. परंतु खरा प्रश्न आरोळींत नव्हताच. ज्यांच्या खात्यांतून फाइल गेली त्यांचे आप्त सभासदांच्या यादींत कसे आले, हा खरा प्रश्न होता. आणि त्यावर आयोगानें श्री. चव्हाण यांसह चार माजी मुख्यमंत्र्यांविषयीं प्रतिकूल अभिप्राय दिला. डिसेंबर २०१३ मध्यें हा अहवाल विधिमंडळापुढें आला, तेव्हां काँग्रेसप्रणीत मंत्रिमंडळानें तो प्रथम साफ नाकारला. त्यांच्याच पक्षाचे श्री. राहुल गांधी यांनीं जाहीरपणें नापसंती दाखविल्यावर जानेवारी २०१४ मध्यें तो अंशतः स्वीकारला, परंतु त्यांतून पुढारी तेवढे सुटे ठेवले.

खटला चालविण्याच्या परवानगीची कथा तर याहून बोधप्रद आहे. डिसेंबर २०१३ मध्यें तत्कालीन राज्यपालांनीं श्री. चव्हाण यांजवर खटला चालविण्यास परवानगी नाकारली. त्यानंतर केंद्रांत व राज्यांत सरकारें बदललीं, राज्यपाल बदलले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्यें नव्या राज्यपालांनीं तीच परवानगी दिली. श्री. चव्हाण उच्च न्यायालयांत गेले. पहिला नकार फिरविण्याजोगा, कायद्यास ग्राह्य असा नवा पुरावा पुढें आलेला नाहीं, असें पाहून न्यायालयानें डिसेंबर २०१७ मध्यें ती परवानगी रद्द केली. इमारतीचेंही असेंच झालें: २०१६ सालीं उच्च न्यायालयानें ती पाडण्याचा हुकूम केला, आणि सर्वोच्च न्यायालयानें त्याच सालीं पाडकाम थांबवून तिचा ताबा केंद्र सरकारकडे देवविला. नकार बरोबर होता कीं परवानगी बरोबर होती, हा वाद आम्ही येथें घालीत नाहीं. पण सामान्य माणसाच्या मनांत काय येतें तें सांगतों: दफ्तर एकच असतांना शिक्का बदलला कीं निर्णय बदलतो, अशी त्याची समजूत होते, आणि न्यायावरील श्रद्धा याच समजुतीनें ढांसळत जाते.

तिसरें प्रकरण भोसरीचें. पुण्याजवळील भोसरीच्या औद्योगिक क्षेत्रांत सुमारें तीन एकर जमीन होती. ती औद्योगिक विकास महामंडळाची, असें महामंडळाचें म्हणणें. ती मूळ खाजगी मालकाचीच, कारण संपादनाचा मोबदलाच त्यास मिळालेला नाहीं, असें विकणाऱ्या-घेणाऱ्यांचें म्हणणें. एप्रिल २०१६ मध्यें ही जमीन ३ कोटी ७५ लाख रुपयांस खरेदी झाली. खरेदीखतावर नांवें होतीं तीं राज्याचे महसूलमंत्री श्री. एकनाथ खडसे यांच्या पत्नीचें व जावयाचें! त्या जमिनीची किंमत त्या वेळच्या दरानें ३१ कोटींच्या घरांत होती, असें पुढें ‘ईडी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सक्तवसुली संचालनालयानें म्हटलें. श्री. खडसे यांनीं आरोप नाकारले; हा कुटुंबीयांचा खाजगी व सरळ व्यवहार आहे, असा त्यांचा जबाब. तथापि ४ जून २०१६ रोजीं त्यांस मंत्रिपद सोडावें लागलें. सन २०१७ मध्यें लाचलुचपत प्रतिबंधक विभागानें गुन्हा नोंदविला, आणि २०१८ मध्यें, भाजपचें सरकार असतांना, यांत गुन्हा दिसत नाहीं म्हणून प्रकरण बंद करावें असा अहवाल न्यायालयास सादर केला.

येथेंच हें प्रकरण संपतें, तर आम्ही त्याविषयीं लिहिलेंही नसतें. परंतु ऑक्टोबर २०२० मध्यें श्री. खडसे भाजप सोडून राष्ट्रवादी काँग्रेसमध्यें गेले. आणि काय चमत्कार! ज्या व्यवहारांत २०१८ सालीं गुन्हा दिसत नव्हता, त्याच व्यवहाराची चौकशी केंद्राच्या ‘ईडी’नें हातीं घेतली, जुलै २०२१ मध्यें त्यांच्या जावयास अटक झाली, आणि जून २०२२ मध्यें राज्यांतील सरकार पालटल्यावर त्याच वर्षीं लाचलुचपत विभागाचा मिटलेला तपासही पुन्हां उघडण्यांत आला. दुसऱ्या बाजूसही हंसण्यास जागा नाहीं. २०१६ सालीं श्री. खडसे यांच्या राजीनाम्यासाठीं ज्यांनीं रान उठविलें, त्यांत राष्ट्रवादी काँग्रेसचे पुढारी होतेच. चार वर्षांनीं त्यांनींच खडसे यांस आपल्या पक्षांत घेतलें, आणि चौकशीस सूडबुद्धि हें नांव दिलें.

आतां कुलाबा व भोसरी हीं दोन प्रकरणें शेजारीं ठेवून पाहावीं. एक गृहस्थ विरोधी पक्षांतून सत्ताधारी पक्षांत आले, आणि त्यांच्या प्रकरणाचा गवगवा निमाला. दुसरे केंद्रांतील सत्ताधारी पक्षांतून तेथील विरोधी पक्षांत गेले, आणि त्यांचें मिटलेलें प्रकरण जागें झालें. आपला तो बाब्या आणि लोकांचें तें कारटें, ही म्हण आजवर आपण शेजारणींच्या भांडणांत ऐकत आलों. आतां ती राज्यकारभाराचें सूत्र बनली आहे. त्यांत पुन्हां बाब्या व कारटें हा एकच मुलगा आहे, आणि तो कोणत्या ओसरीवर बसला आहे एवढ्यावरच त्याचें नांव ठरतें. श्री. चव्हाण निर्दोष असतील तर चौदा वर्षें त्यांच्या नांवानें जी ओरड केली ती भाजपनें केलेली निंदा ठरते, आणि तिची क्षमा मागितली पाहिजे. ते दोषी असतील तर त्यांच्या गळ्यांत हार कशाचा? श्री. खडसे दोषी असतील तर २०१८ चा अहवाल कोणी व कां लिहिला? निर्दोष असतील तर २०२१ ची अटक कशासाठीं? या प्रश्नांचीं दोन्ही उत्तरें एकाच वेळीं खरीं असूं शकत नाहींत. परंतु आमचे पक्ष सोयीप्रमाणें दोन्ही देतात, आणि आम्ही ऐकून घेतों.

या तिन्ही प्रकरणांत आणखी एक गोष्ट समान आहे. कागदावर पुढाऱ्याचें स्वतःचें नांव कोठेंच नाहीं. पुण्यास जावई, कुलाब्यास सासूबाई व अन्य नातलग, भोसरीस पत्नी व जावई. आमच्या आयाबायांची एक जुनी म्हण आहे: जावई माझा भला, आणि लेक बाईलबुद्ध्या झाला. मुलीच्या शब्दाबाहेर न जाणारा जावई तो भला, आणि सुनेचें ऐकणारा मुलगा तो वाया गेला, असा घरांतील दुहेरी न्याय या म्हणींत आहे. राजकारणांतील दुहेरी न्यायासही जावईच कारण व्हावा, हा योगायोग मोठा मार्मिक म्हटला पाहिजे.

यांत कायद्याची एक मोठी फट आहे. निवडणुकीस उभ्या राहणाऱ्या उमेदवारास आपली, आपल्या पति वा पत्नीची व अवलंबितांची मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर जाहीर करावी लागते. परंतु कमावता मुलगा, विवाहित मुलगी, जावई, सासूसासरे हे ‘अवलंबित’ या शब्दांत बसत नाहींत. सबब तें पान कोरें राहतें. आणि हें प्रतिज्ञापत्र तरी राजकीय पक्षांनीं आपण होऊन दिलेलें आहे काय? मुळींच नाहीं. मे २००२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें उमेदवारांची ही माहिती मतदारांस मिळालीच पाहिजे असा निर्णय दिला. तेव्हां एरव्हीं एकमेकांच्या घरांच्या भिंती मोजणारे बहुतेक सर्व पक्ष एका रात्रींत एक झाले, आणि त्या निर्णयाची धार बोथट करणारा वटहुकूम व पाठोपाठ कायदा त्यांनीं त्याच वर्षीं केला. मार्च २००३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यांतील तें कलम घटनाबाह्य ठरविलें, तेव्हां कोठें मतदारांस हा हक्क लाभला. पुढें २०१८ मध्यें त्याच न्यायालयानें मिळकतीचीं साधनेंही जाहीर करावयास सांगितलें, आणि लोकप्रतिनिधींची मालमत्ता अवाच्या सवा वाढते कीं काय हें पाहणारी कायमची यंत्रणा हवी असेंही बजावलें. दुसऱ्याच्या सदनिकेवरून भांडावयाचें, पण स्वतःची वही उघडण्याची पाळी आली कीं सर्वांनीं मिळून दार लावून घ्यावयाचें, हें पक्षांचें खरें एकमत वाचकांनीं नीट लक्षांत ठेवावें.

यावर कोणी म्हणेल, ‘राजकारण हें असेंच चालावयाचें, सर्व सारखेच, कोणाकोणास नांवें ठेवावीं?’ आमच्या मतें हा युक्तिवाद दुहेरी न्यायाहूनही घातक आहे. दुहेरी न्यायांत निदान दुसऱ्याचा दोष तरी उघडा पडतो. ‘सर्व सारखेच’ म्हटलें म्हणजे सर्वांचेच दोष झांकले जातात. शिवाय तें खरेंही नाहीं. ज्यांचें नांव न्यायाच्या संदर्भांत आजही घरोघर घेतलें जातें, त्या रामशास्त्री प्रभुण्यांची कीर्ति कशामुळें झाली? परमुलखांतील शत्रूस दोष दिला म्हणून नव्हे, तर १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल स्वतःच्या धन्यासच त्यांनीं जाब विचारला म्हणून. स्वराज्य मिळाल्यावरचींही उदाहरणें आहेत. सन १९५१ मध्यें मुंबईच्या सराफांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिच्यासाठीं संसदेंत खटपट केल्याचा ठपका काँग्रेसचे सभासद एच. जी. मुद्गल यांजवर आला, तेव्हां त्यांच्या विरुद्ध ठराव मांडण्यास विरोधी पक्षाचा कोणी उठला नाहीं. खुद्द पंतप्रधान पंडित नेहरू उठले, आणि मुद्गल यांस सभागृह सोडावें लागलें. आयुर्विमा महामंडळानें मुंध्रा यांच्या कंपन्यांचे भाग घेतल्याचें प्रकरण १९५७ सालीं लोकसभेंत ज्यांनीं धसास लावलें, ते श्री. फिरोझ गांधी सत्ताधारी बाकांवरील होते, आणि पंतप्रधानांचे जावई होते! न्यायमूर्ति छागला यांनीं मुंबईंत उघड चौकशी केली आणि १९५८ च्या आरंभीं अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांनीं राजीनामा दिला. तेव्हां जावयाच्या हातून राज्याचें कल्याणही होऊं शकतें.

मग उपाय काय? आम्हांस चार उपाय सुचतात. पहिला असा कीं, जमीन, आरक्षण वा बांधकाम-परवानगी यांची फाइल ज्या मंत्र्यापुढें येईल, त्यानें ‘यांत माझ्या कोणा आप्ताचा संबंध नाहीं’ असें फाइलवरच लिहून द्यावें, आणि संबंध असल्यास फाइल दुसऱ्याकडे सोंपवावी. दुसरा, प्रतिज्ञापत्रांत सज्ञान मुलें, जावई, सुना व सासूसासरे यांचे सरकारी वा आरक्षित जमिनीसंबंधींचे व्यवहार तरी आणावेत. तिसरा, खटल्याची परवानगी देण्याची वा नाकारण्याची मुदत काटेकोर पाळली जावी, आणि दोन्ही वेळीं कारणें जाहीर व्हावींत. चौथा उपाय कायद्याचा नव्हे, लाजेचा आहे. ज्या पुढाऱ्यावर कालपर्यंत आरोप केले, त्यास पक्षांत घेतांना पक्षानें लेखी सांगावें कीं, आमचा आरोप खोटा होता किंवा तो खरा असूनही आम्ही यांस घेत आहों. यांपैकीं एक वाक्य लिहिण्याचें धैर्य ज्या पक्षास नाहीं, त्याच्या पुढच्या आरोपास आपण कवडीची किंमत देऊं नये.

हे उपाय विधिमंडळानें व पक्षांनीं करावयाचे. परंतु वाचकाच्या हातीं एक उपाय आजच आहे. एखादें दुकान वा बखळ घ्यावयाची झाली तर आपण काय काय पाहतां? सात-बारा पाहतां, तलाठ्याकडील फेरफार पाहतां, नोंदणी कचेरींतील सूची काढतां, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेववितां. विकणारा जातीचा, गांवचा, देवळांतला सोबती असला तरी हे कागद आपण सोडीत नाहीं. आणि त्यांत त्याचा अपमान झाला असें तोही मानीत नाहीं. सात-बारा व दस्तांच्या नोंदी आतां घरबसल्या पाहतां येतात, माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आपल्या हातीं आहे. तीच रीत पुढाऱ्यांच्या व्यवहारास लावावी. जमीन कोणाच्या नांवें झाली? त्या जमिनीच्या फाइलीवर अधिकार कोणाचा होता? भाव काय पडला व त्या गल्लींत इतरांस काय पडतो? आणि हुकूम व खरेदीखत यांच्या तारखांत अंतर किती? या चार प्रश्नांस पक्ष नाहीं, झेंडा नाहीं, जात नाहीं.

परंतु हे प्रश्न विचारण्यापूर्वीं एक गोष्ट करावी. खरेदीखतावरील नांवावर अंगठा ठेवावा आणि बाकीचा कागद वाचून मनाशीं निर्णय करावा; मग अंगठा उचलावा. नांव दिसतांच निर्णय बदलावासा वाटला, तर समजावें कीं दोष केवळ पुढाऱ्यांत नाहीं, तो आपल्याही घरांत शिरला आहे. पक्षांस दुहेरी न्याय परवडतो, कारण तो विकत घेणारे गिऱ्हाईक आपण आहों. गिऱ्हाइकानें खोटें माप ओळखून परत केलें, तर कोणताही दुकानदार तें फार दिवस चालवूं शकत नाहीं. आणि हें आमच्या व्यापारी बांधवांस आम्हीं सांगावयास नको.

परकी सत्ता होती तेव्हां जमीन सरकारची, सरकार परक्याचें, आणि हिशेब विचारणारा राजद्रोही ठरे. आज जमीन आपली आहे, सरकार आपलें आहे, आणि हिशेब विचारणें हें नागरिकाचें कर्तव्य आहे. तें कर्तव्य जो केवळ दुसऱ्या पक्षाच्या बाबतींत बजावतो, तो नागरिक नव्हे. तो त्या पक्षाचा बिनपगारी कारकून होय.